रात्री आठनंतर लागू होणारा नियम

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-सावदा पट्ट्यात आमचे केळीचे पॅकहाऊस आहे. 2021 मध्ये तांदलवाडीची जीआय (भौगोलिक) मानांकित केळी दुबईला रवाना झाली, त्यानंतर आखाती खरेदीदारांशी आमचेही बोलणे सुरू झाले आणि जुन्या दोन टेलिफोन लाइनींवर काम भागेनासे झाले. तेव्हा ओळखीतून आलेल्या एका तंत्रज्ञाने इंटरनेटवरून चालणारी दहा चॅनलची, म्हणजे एका वेळी दहा फोन चालू शकतील अशी, लाइन आणि तिच्यासाठी एक व्हॉइस गेटवे बसवून दिला. तो मला ‘नाना’ म्हणत असे, वेळेवर येत असे आणि विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचे शांतपणे उत्तर देत असे.

गेटवेचे काम थोडक्यात सांगतो, कारण फसवणूक त्यातच दडलेली होती. कार्यालयातला फोन कोणत्या लाइनीने बाहेर जावा, बाहेरून आलेला कोणाकडे वळावा, हे तो नियमांच्या एका तक्त्यावरून ठरवतो. फोन कोठून आला, कोणता क्रमांक फिरवला आणि त्या वेळी घड्याळात किती वाजले आहेत, अशा अटी प्रत्येक नियमात असतात. तक्ता वरून खाली वाचला जातो आणि जो नियम पहिल्यांदा जुळेल तोच लागू होतो. त्याच्या खाली कितीही कडक नियम लिहिलेले असले तरी त्यांच्यापर्यंत तो फोन पोहोचतच नाही.

मी त्याला सांगितले होते की परदेशी फोन फक्त 00971 ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवर, म्हणजे संयुक्त अरब अमिरातीत, जावेत. बाकी सर्व परदेशी क्रमांक बंद असावेत. आणि रात्री येणारे फोन माझ्या मोबाइलवर वळावेत. काम संपल्यावर त्याने माझ्यासमोर लंडनचा एक क्रमांक फिरवून दाखवला, तो लागला नाही. दुबईचा फिरवला, तो लागला. मी समाधानाने 48,000 रुपये दिले. ही चाचणी दुपारी चार वाजता झाली होती, याकडे तेव्हा माझे लक्ष गेले नाही.

सुमारे चार महिन्यांनी, एका सोमवारी सकाळी, दिल्लीच्या आझादपूर मंडीतल्या आडत्यांचे फोन आम्हाला लागेनात. कार्यालयात माणूस नसताना सर्व चॅनल व्यग्र होते. आठनंतर नवे फोन जाणे थांबले, पण आधी जोडले गेलेले चालूच राहिले, म्हणून मुलाने शेवटी उपकरणाची वायर काढली. शनिवारी रात्रीपासून त्या सकाळपर्यंत सोमालिया आणि क्युबाच्या क्रमांकांवर एका वेळी दहा-दहा फोन चालले होते. एरवी सहा हजारांच्या आसपास येणारे बिल त्या महिन्यात 3,12,000 रुपयांचे आले.

असे फोन कोणी बोलण्यासाठी करत नाही. महाग दराचे क्रमांक घेऊन ठेवलेले असतात, त्यांवर येणाऱ्या प्रत्येक मिनिटामागे क्रमांकधारकाला वाटा मिळतो, आणि तो पैसा आपल्यासारख्याच्या बिलातून जातो. फोन आमच्याच लाइनीवरून गेलेले असल्याने सेवा देणाऱ्या कंपनीने रक्कम माफ करण्यास नकार दिला. फक्त हप्ते बांधून दिले.

पुण्यात नेटवर्कचे काम करणाऱ्या माझ्या भाच्याने येऊन तक्ता उघडला. मी सांगितलेले सर्व नियम त्यात अचूक लिहिलेले होते, पण दुसऱ्या क्रमांकापासून पुढे. पहिल्या जागी ‘नाइट सपोर्ट’ नावाचा एक नियम होता: रात्री आठ ते सकाळी आठ आणि रविवारी पूर्ण दिवस, कोठूनही आलेला, 00 ने सुरू होणारा कोणताही फोन बाहेरच्या लाइनीवर सोडावा. ‘कोठूनही’ या अटीत इंटरनेटही आले, आणि उपकरणाचे 5060 हे पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून येणारे फोन ज्यातून आत येतात ते दार, सर्व जगासाठी उघडे होते. शिवाय आम्हाला दिलेल्या प्रशासक खात्याखेरीज दुसरे एक खाते निघाले, ज्याचा पासवर्ड आमच्याकडे कधीच नव्हता. नियम आणि खाते दोन्ही उपकरण बसवल्याच्या दिवशीच तयार झालेले होते.

त्या तंत्रज्ञाने पहिल्या दिवशी ‘हॅकिंग झाले असेल, नाना’ असे सांगितले आणि त्यानंतर माझा फोन उचललेला नाही. फोन त्याने स्वतः केले की ही वाट कोणाला विकली, ते तपासात ठरेल. पण तो नियम चुकून लिहिला गेला असे मी मानत नाही, कारण दिवसाच्या चाचणीत दिसू नये अशीच त्याची वेळ निवडलेली होती. आम्ही 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि पोलिसांना फोनच्या नोंदी व तक्त्याची प्रत दिली. भाच्याने काहीही बदलण्यापूर्वी संपूर्ण मांडणीची फाइल उतरवून ठेवली होती, म्हणून ती प्रत देता आली. रागाच्या भरात मी तो नियम आधीच पुसला असता तर हातात फक्त बिल उरले असते.

आता आमच्या तक्त्यात शेवटचा नियम ‘वरचे काही न जुळल्यास फोन नाकारावा’ असा आहे, आणि सेवा कंपनीचा पत्ता सोडून इंटरनेटवरून आलेला कोणताही फोन गेटवे स्वीकारत नाही. अमिरातीशिवायचे परदेशी फोन कंपनीकडूनही बंद करून घेतले आहेत, म्हणजे तक्त्यात कोणी पुन्हा हात घातला तरी लाइन पुढे जाणार नाही. चाचणी आम्ही रात्री नऊ वाजता आणि रविवारी, अशी दोन वेळा घेतली.

त्याच माणसाने फैजपूरच्या एका व्यापाऱ्याकडेही काम केल्याचे मला आठवले, म्हणून मी त्यांना फोन केला आणि भाच्याला घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांचा तक्ता उघडला तेव्हा पहिल्या ओळीत तेच नाव होते, तीच वेळ होती. त्यांच्याकडे अजून एकही परदेशी फोन गेलेला नव्हता. फाइल उतरवून घेतल्यावर त्यांनी तो नियम आणि ते दुसरे खाते आमच्यासमोरच काढून टाकले.