‘डीआयआर’चा आकडा बघून जुना पीसी घेऊ नका

ज्याने मला तो ४८६ (नव्वदीतला जुना पीसी) विकला त्याला एवढं पक्कं ठाऊक होतं की घेणारा फक्त ‘डीआयआर’ (फाइलींची यादी आणि मोकळी जागा दाखवणारी डॉसची आज्ञा) चालवून बघतो. “पाचशेची डिस्क आहे,” म्हणाला. स्क्रीनवर ४२५ एमबी मोकळी. डिस्क निघाली २१० एमबीची!

करामत ड्राइव्हस्पेसची, म्हणजे डिस्कवरच्या फाइली दाबून जास्त माल मावेल असं करणाऱ्या प्रोग्रॅमची. सगळा सी: एका लपवलेल्या फाइलीत दाबून बसवायचा. त्यात गैर काही नाही, एमएस-डॉस ६.२२ (तेव्हाची मायक्रोसॉफ्टची ऑपरेटिंग सिस्टीम) मध्ये ते येतंच. पण मोकळी जागा तिथे मोजलेली नसते, पुढच्या फाइली किती दबतील त्यावरचा अंदाज असतो. किती पट धरायचं हे ड्राइव्हस्पेसला ‘/रेशो’ देऊन कुणीही ठरवतो, अगदी १६ पटीपर्यंत. या भामट्याने अडीच पट धरलं होतं. खरी उरलेली जागा १७० एमबी.

व्यवहार व्हायच्या आधी मी फ्लॉपीवरून १ एमबीची झिप फाइल टाकून पाहिली होती. मोकळ्या जागेतून अडीच एमबी गेली. माझ्या डोळ्यांदेखत! झिप आधीच दाबलेली, ती आणखी दबत नाही, म्हणून ती खरी १ एमबी खाते आणि अंदाज अडीचने उतरतो. तिथेच उठायला हवं होतं. मी विचारलंही. “क्लस्टरमुळे होतं तसं,” हे उत्तर ठोकून दिलं त्याने. क्लस्टरमुळे (डिस्क फाइलींना जागा ठरावीक तुकड्यांत देते, ते तुकडे) जागा वाया जाते हे खरंच आहे, मग कोण संशय घेईल? एच: ड्राइव्हबद्दल (ती लपवलेली फाइल तिथेच असते) विचारलं तर “सिस्टीमचा आहे, हात लावू नका.”

पीसी सुरू होताना बायोसच्या सेटअपमध्ये जाऊन डिस्कचा आकार बघा. केस उघडायला लावा, लेबल वाचा. नाही म्हणाला तर निघा.

पोलिसांनी विचारलं, “डिस्क चालते ना? मग फसवणूक कसली?” ग्राहक तक्रार कक्षाला पाचशेचा लेखी पुरावा हवा. त्याचा मेसेज दाखवला, तर म्हणे स्क्रीनवर तेवढी दिसत होती ना! अहो, तीच तर फसवणूक! तिथून सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, व्यवहार समोरासमोर झाला, आमच्याकडे येत नाही. परत पोलीस. २१० ची वस्तू ५०० म्हणून गळ्यात मारली, एवढं समजायला कोणता तज्ज्ञ लागतो? वजनकाट्यात खोट केली तर गुन्हा, मग इथे का नाही?

‘डीआयआर /सी’ चालवा, दाबलेल्या ड्राइव्हवर प्रत्येक फाइलीपुढे प्रमाण दिसतं. एच: वर ‘डीआयआर /ए’ करा. डीआरव्हीस्पेस.००० (तीच ती लपवलेली फाइल) सापडली की समजा डिस्क दाबलेली आहे. आणि घेऊन बसला असाल तर रागाच्या भरात ती फाइल उडवू नका. सी: वरचं सगळं तिच्यातच आहे. आधी कॉपी काढा.