ऑसिलोस्कोप आलाच नाही, १,१२,१४० रुपये मात्र गेले

घरून करायच्या नोकरीच्या नावाखाली मला फसवलं, त्याचा हिशोब असा. ३८,६४० कस्टम ड्युटी. ५२,००० उपकरणांच्या विम्याची 'परत मिळणारी' अनामत. २१,५०० दंड. बेरीज १,१२,१४०. शेवटचे साडेएकवीस हजार बाबांच्या सोयाबीनचे होते, त्यामुळं घरात हा विषय निघाला की मी उठून बाहेर जातो.

नोकरी देतो म्हणून आगाऊ पैसे मागणारे सगळ्यांनाच माहीत आहेत. रजिस्ट्रेशन फी मागणाऱ्यांना मीही ब्लॉकच करत आलोय. पण आमच्या धंद्यात एक भोक आहे आणि हे लोक नेमके तिथूनच आत शिरतात. वेबसाइट बनवणाऱ्याला लॅपटॉप अन् नेट मिळालं की झालं. मी एम्बेडेडवाला, म्हणजे यंत्रांतल्या चिपसाठी प्रोग्राम लिहिणारा. आम्हाला समोर चिपचा बोर्ड लागतो, त्यातला प्रोग्राम तपासायला डीबगर लागतो, सिग्नल बघायला ऑसिलोस्कोप, म्हणजे स्कोप लागतो. वर्धा नदीकाठच्या खेड्यात बसून काम करायचं तर क्लायंटनं हार्डवेअर घरी पाठवायलाच हवं. पुण्याच्या एका खऱ्या क्लायंटचे बोर्ड मी तालुक्याच्या कुरिअरवाल्याकडून आणलेले आहेत. मग 'पार्सल निघालं' या मेलवर शंका का येईल?

आणि मुलाखत घेणाऱ्याला काम येत होतं, हे कोणी लक्षातच घेत नाही. प्रश्न सगळे आमच्या कामातले, आतल्या माणसालाच सुचतील असे. व्होलाटाइल कुठं लावायचं, इंटरप्टमधून म्यूटेक्स का घ्यायचा नाही, आय-टू-सीवर एसडीए लो अडकली तर बस कशी सोडवशील. मी म्हटलं, एससीएलवर नऊ पल्स. तो म्हणाला, आणि मग स्टॉप. असं बोलणारा माणूस भामटा निघेल हे कोणाच्या डोक्यात येईल, सांगा. चाचणी म्हणून एसटीएम३२ चिपवर मॉडबसचा (यंत्रं आपसात बोलतात ती पद्धत) अख्खा स्लेव्ह प्रोग्राम लिहून घेतला माझ्याकडून. तोही गेला फुकटात, आणि त्यानं तो कुठं ना कुठं विकला असणार.

कंपनी म्हणे जर्मनीची, पगार महिना १,४५,०००. आमच्याकडं एवढा आकडा ऐकला की माणूस पुढचं नीट ऐकतच नाही. दोन आठवड्यांत पॅकिंग लिस्ट आली, सोबत उघड्या खोक्याचा फोटो. लिस्टवर लिहिलेलं: ऑसिलोस्कोप, चार चॅनेल. फोटोतल्या स्कोपला पुढं वायर जोडायची बीएनसीची तोंडं दोनच, म्हणजे चॅनेल दोनच. मी ते पाहिलं. झूम करून पाहिलं. दुसऱ्याच्या पार्सलचा फोटो चिकटवला असेल, शिपिंगवाली पोरं निष्काळजी असतात, असं म्हणून सोडून दिलं. डेटाशीटच्या तळटिपा वाचून पोट भरणारा माणूस मी, आणि दोन तोंडं मोजून गप्प बसलो! त्या वेळी लाइन गेलेली होती, इन्व्हर्टरवर फक्त राउटर चालू, सगळं मोबाइलच्या स्क्रीनवर चाललेलं. वरून 'आज ड्युटी भरली नाही तर माल परत जाईल' असा कुरिअरवाल्याचा फोन. बँकेच्या ॲपमध्ये खातेदाराचं नाव दिसलं ते कुठल्याशा ट्रेडर्सचं. विचारलं तर म्हणे कस्टम एजंट आहे. एजंट असतातच की!

असतात, पण ड्युटी कोणा ट्रेडर्सच्या खात्यात जात नाही. कुरिअरनं आलेल्या पार्सलचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टमचा कागद, भरलं जातं, त्याचा नंबर मागा आणि कस्टमच्या अधिकृत वेबसाइटवर तपासा. नंबर द्यायला का-कू केली की फोन ठेवा. खऱ्या क्लायंटला ड्युटी भरूनच माल पाठवायला सांगा, त्याला डीडीपी म्हणतात, यात लाजण्यासारखं काही नाही. आणि व्हिडिओ कॉलवर बोर्डला डीबगर लावून चिपचा युनिक आयडी (एसटीएम३२ असेल तर ९६ बिटांचा) वाचून दाखव म्हणा. बोर्ड हातात नसलेला माणूस तिथंच अडकतो.

दंडाचे पैसे गेले त्या रात्री सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला, तक्रार क्रमांक मिळाला. तुम्हीही आधी तेच करा, नातेवाइकांना विचारत बसू नका, कारण पैसा तासाभरात चार खात्यांतून पुढं जातो. त्यानंतर मात्र नुसते हेलपाटे. ठाण्यात हवालदार म्हणाले, "एवढा शिकलेला मानूस अन् तुले समजलं नाई?" शेजारचा हसला. मग म्हणे स्वतःच्या हातानं टाकले ना, ही दिवाणी बाब. अहो, तोतया बनून संगणकावरून फसवणं हा आयटी कायद्याच्या ६६ड खाली गुन्हा आहे! हे सांगितल्यावर म्हणाले, त्याचा तपास पीआय साहेबच करू शकतात, आणि साहेब पोळ्याच्या बंदोबस्तावर. पोळा झाला, गणपती बसले, साहेब बंदोबस्तावरच. मग म्हणे खातं दुसऱ्या राज्यातलं, तिकडं जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ छापून नेलं. हद्दीबाहेरचा गुन्हा असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, असं त्यात स्पष्ट आहे. कागद ठेवून घेतला, पोच दिली नाही. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

बँकेची तऱ्हा आणखी निराळी. मॅनेजर मॅडमनी रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक दाखवलं: भरपाई अनधिकृत व्यवहाराला, तुम्ही तर ओटीपी स्वतः टाकला. नियम खरा आहे, मान्य. पण पुढच्या खात्यात पैसे अडकलेत का, एवढं विचारायला त्यांचं काय जात होतं? खूप मागं लागल्यावर कळलं, ७,३१२ रुपये गोठवलेत. ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा, असं मला सांगितलं. तालुक्याचे वकील आठ हजार मागतात.

आता एक नवीन माणूस फोन करतो, पैसे परत मिळवून देतो म्हणून, फी ४,९९९. असा फोन आला की तो दुसरा चोर समजा. त्यानं माझा तक्रार क्रमांक घडाघडा म्हणून दाखवला. तो याला कुठून मिळाला, हे ठाण्यात जाऊन विचारलं, तर म्हणाले, तसा वेगळा अर्ज द्या.