लेकीला जर्मनीत पैसे पाठवताना: दहा महिन्यांचा अनुभव, हिशोबासकट

आमची लेक मार्च २०२४ मध्ये मास्टर्सला जर्मनीत गेली, केमनिट्झला. व्हिसासाठी तेव्हा ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,२०८ युरो भरले होते, त्यातून तिला महिन्याला ९३४ सुटायचे. (सप्टेंबर २०२४ पासून तो आकडा ११,९०४ झालाय, म्हणजे महिन्याला ९९२, आता तयारी करणाऱ्यांनी हाच धरा.) पहिलं वर्ष त्यात निघालं. मग ते खातं संपलं. ती पार्टटाइम काम करते, पण विद्यार्थ्यांना तिकडे वर्षाला १४० पूर्ण दिवसच काम करायची परवानगी आहे आणि नुसत्या हेल्थ इन्शुरन्सलाच महिन्याला १४० युरोच्या वर जातात. म्हणून मे २०२५ पासून महिन्याला ५०० युरो आम्ही इथून पाठवायचे असं ठरलं.

मी डिचोलीत राहते, प्रायमरी शाळेत शिकवते, ह्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. आमच्याकडे घरटी कोणीतरी बाहेर असतंच, बोटीवर, गल्फात, नाहीतर पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनला. त्यामुळे बाहेरून गोव्यात पैसे कसे येतात हे बाजारात कोणालाही विचारा, अर्धा तास सांगतील. पण इथून बाहेर कसे पाठवायचे विचारलं की सगळे गप्प! मी तर आधी म्हापशाला वेस्टर्न युनियनचा बोर्ड बघून आत गेले होते. तिथल्या मुलाने नीट समजावून सांगितलं, बाई, आमच्याकडे बाहेरून आलेले पैसे मिळतात, इथून जात नाहीत. ते काउंटर रिझर्व्ह बँकेच्या ज्या योजनेत चालतात तिच्यात फक्त भारतात येणारे पैसे बसतात. हे माहीत नसेल तर फुकट फेरी पडते, म्हणून लिहिलं.

पहिल्यांदा आमच्या नेहमीच्या बँकेतून पाठवले. डिचोलीच्या शाखेत परकीय चलनाचं काम होत नाही, पणजीला जा म्हणाले. शाळेला रजा टाकून कदंबाच्या बसने पणजी. बाहेर पैसे पाठवायचा ए-२ फॉर्म, पॅन, लेकीच्या पासपोर्टची कॉपी, युनिव्हर्सिटीचं पत्र, नात्याचं डिक्लरेशन. फॉर्ममध्ये काय लिहायचं हे काउंटरवरच्या मॅडमलाही आत जाऊन विचारून यावं लागलं. दोन तास गेले पण काम झालं म्हणून मी खुशीत घरी आले. चार दिवसांनी लेकीचा मेसेज, "आई, तू ५०० पाठवलेलेस ना? ४८६ आलेत."

तेव्हापासून मी वहीत हिशोब लिहायला लागले. त्या दिवशी गुगलवर युरो ९६.२० होता. बँकेने मला लावला ९८.३०, म्हणजे ५०० युरोचे ४९,१५०. वर कमिशन आणि स्विफ्टचा (बँका एकमेकींना परदेशी व्यवहाराचा निरोप देतात त्या सिस्टीमचा) चार्ज मिळून जीएसटीसकट १,१८०. चलन बदलण्यावर वेगळा जीएसटी असतो, एक लाखापर्यंत रकमेच्या १ टक्क्यावर १८ टक्के धरतात, तो ८८. एकूण गेले ५०,४१८. आणि तिथे पोचले ४८६. आता ५०,४१८ भागिले ४८६ करा, १०३.७४ येतात. म्हणजे ९६ रुपयांचा युरो मला पावणेचारशे नाही, पावणेचार हजारांच्या आसपास जास्त मोजून १०४ ला पडला! कमिशन ५०० रुपये आहे हे काउंटरवर सांगितलं होतं, पण त्यापेक्षा जास्त तर रेटमध्येच गेले आणि वाटेत १४ युरो कापले गेले ते वेगळेच.

हे वाटेत कापणं काय असतं ते सांगते. आपली बँक बहुतेक वेळा सरळ जर्मन बँकेला पैसे देत नाही, मधे एखादी तिसरी बँक असते आणि तीही आपला वाटा घेते. फॉर्मवर चार्जेस कोणी भरायचे त्याचे पर्याय असतात, 'शा' म्हणजे दोघांत वाटून आणि 'अवर' म्हणजे सगळे पाठवणाऱ्याने. माझ्या फॉर्मवर न विचारताच 'शा' टाकलं होतं. मी बँकेकडून त्या व्यवहाराच्या स्विफ्टच्या निरोपाची, म्हणजे एमटी १०३ ची, कॉपी मागून घेतली, त्यात ७१ए या रकान्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. अशी कॉपी बँकेकडे मागता येते, पैसे कमी पोचले किंवा पोचलेच नाहीत तर शोध घ्यायला ती लागते.

जूनमध्ये त्याच बँकेच्या नेटबँकिंगवरून पाठवले. पणजीची फेरी वाचली, रेटही थोडा बरा मिळाला, आणि या वेळी मी लक्षात ठेवून 'अवर' घेतलं, त्याचे जास्त लागतात. गुगलवर ९७.५०, मला लागला ९८.९०, सगळं धरून गेले ५०,७१९ आणि लेकीला पूर्ण ५०० मिळाले. भागाकार १०१.४४. म्हणजे बाजारभावापेक्षा युरोमागे जेमतेम चार रुपये जास्त. आधीच्या साडेसातपेक्षा पुष्कळ बरं.

एवढी एकच गोष्ट सगळ्यांनी करावी असं मला कळकळीनं वाटतं. चार्ज किती, रेट किती, ऑफर काय, सगळं बाजूला ठेवा. आपल्या खात्यातून गेलेले एकूण रुपये भागिले पोराच्या खात्यात पडलेले युरो. तो आकडा त्या दिवशीच्या गुगलच्या रेटशेजारी लिहा. 'झिरो फी' म्हणून जाहिरात करणाऱ्या एका ठिकाणी मी नुसती चौकशी केली तर त्यांचा रेटच अडीच रुपये वर होता, मग फी शून्य असून काय उपयोग.

जुलैपासून ऑनलाइन कंपनीकडून पाठवते. नाव लिहीत नाही, कारण दर सगळ्यांचे बदलत असतात आणि आज जी स्वस्त ती सहा महिन्यांनी असेलच असं नाही. पद्धत अशी की आपण इथे रुपये त्यांच्या इथल्या बँकेतल्या खात्यात भरायचे आणि लेकीला पैसे युरोपातल्याच खात्यातून जातात, तिकडच्या सेपा सिस्टीमने, म्हणजे आपलं एनईएफटी असतं तसं. मधली बँक नाही, म्हणून वाटेत काही कापलं जात नाही. पहिल्यांदा केवायसीला तीन दिवस लागले, लेकीच्या ॲडमिशनचं पत्र जर्मनमध्ये होतं ते परत मागितलं, तिच्या युनिव्हर्सिटीने इंग्रजीतलं दिलं. जुलैचा हिशोब, गुगल १००.५०, फी आणि जीएसटी सगळं धरून गेले ५१,१९०, पोचले ५००, भागाकार १०२.३८. फरक १.८८. नेटबँकिंगच्या निम्म्याहून कमी! आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीच्या खात्यात.

आयबीएन नंबरचं, म्हणजे तिकडच्या खाते नंबरचं, एक सांगायचं राहिलं. आपल्याकडे हा प्रकार नाही, आपला आयएफएससी. जर्मन आयबीएन २२ अक्षरी असतो, डीई आणि पुढे २० आकडे, त्यातले पहिले दोन आकडे तपासणीचे असतात, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर ॲप बहुतेक वेळा तिथल्या तिथे अडवतं. मी फोनवर ऐकून लिहून घेतला होता, तसं करू नका, मेसेजवरून कॉपी करा.

ऑगस्टमध्ये मात्र मोठा गोंधळ झाला. चवथ २७ ला होती, २६ च्या संध्याकाळी माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळांचं) सामान आणायच्या गडबडीत मी ट्रान्सफर बुक केली आणि माझ्या खात्यात तेवढे नव्हते म्हणून ह्यांनी त्यांच्या खात्यातून रुपये भरले. झालं, कंपनीने अडवलं. ज्याच्या नावाने पाठवायचे त्याच्याच खात्यातून यायला हवेत, नवऱ्याचे चालत नाहीत. माझंच चुकलं, पण रुपये परत यायला जो वेळ गेला तो फार जिवाला लागला. २७ ला सुट्टी, आमच्या गोव्यात २८ लाही चवथीची बँक सुट्टी, कस्टमर केअरचा माणूस दर वेळी नवीन, दर वेळी पहिल्यापासून सांगायचं. २९ ला रुपये परत आले, पुन्हा पाठवले ते तिला १ सप्टेंबरला संध्याकाळी मिळाले. जर्मनीत भाडं महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत भरायचं असतं म्हणून निभावलं, नाहीतर ती मैत्रिणीकडून घ्यायला निघाली होती. गणपतीपुढे आरती चालू असताना मी कोपऱ्यात फोन धरून उभी होते ते अजून आठवतं.

तेव्हापासून दोन गोष्टी बदलल्या. एक, पैसे आधी दोन दिवस माझ्या खात्यात आणून ठेवायचे. दुसरं, दर महिन्याला ५०० ऐवजी दोन महिन्यांचे १,००० एकदम. ठरलेल्या फीचा भाग एकदाच पडतो. नोव्हेंबरअखेर १,००० पाठवले तेव्हा गुगल १०३.५०, गेले १,०५,१००, म्हणजे फरक १.६० वर आला. बँकेतून पाठवणाऱ्यांना याचा फायदा आणखी जास्त, तिथे १,१८० दर वेळी लागतात. लेकीला मात्र नीट सांगावं लागलं की बाय, हे दोन महिन्यांचे आहेत. तिने दुसरं खातं काढून निम्मे तिकडे ठेवले.

डिसेंबरात पाठवणाऱ्यांनी कॅलेंडर बघा. आमच्याकडे ३ ला ओल्ड गोव्याचं फेस्त, १९ ला मुक्तिदिन, २५ ला नाताळ, आणि तिकडे युरोपात २५, २६ आणि १ जानेवारीला बँकांचं सेटलमेंट बंद असतं. शनिवार-रविवारी चलनबाजारही बंद, तेव्हा रेट लॉक करू नका, सोमवारी सकाळी करा.

रेटची वाट बघत बसायचा प्रयोग मी करून झाला. मेमध्ये ९६ होता, डिसेंबरात १०५ च्या आसपास. उतरेल उतरेल म्हणत सप्टेंबरात आठवडाभर थांबले आणि आणखी चढला. पोरीचं भाडं थांबत नाही. आता ठरलेल्या तारखेला पाठवते.

टॅक्सबद्दल फोनवर सगळे विचारतात. एलआरएस, म्हणजे रिझर्व्ह बँकेची बाहेर पैसे पाठवायची योजना, तिच्याखाली एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, आपला त्या मर्यादेशी संबंधच येत नाही. आपल्याला बघायचं ते टीसीएस, म्हणजे पाठवतानाच बँक घेते तो कर. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत तो लागत नाही, आधी ७ लाख होते. आमचं २०२५-२६ ला त्याच्या बरंच आत बसलं म्हणून शून्य. पण १० लाखांच्या वर गेलात तर फॉर्मवरचा पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी त्याचा कोड, फार महत्त्वाचा. २०२५-२६ ला शिक्षणासाठी वरच्या रकमेवर ५ टक्के, आणि 'फॅमिली मेंटेनन्स' टाकलं तर २० टक्के! ११ लाख पाठवले तर त्या वर्षीच्या दराने एकीकडे ५,००० अडकायचे, दुसरीकडे २०,०००. पणजीत मला पहिल्यांदा फॅमिली मेंटेनन्सच टाकून दिलं होतं, कोणी विचारलंच नाही की मुलगी शिकते का. हे पैसे बुडत नाहीत, इन्कम टॅक्सच्या २६एएस फॉर्ममध्ये दिसतात आणि रिटर्नमध्ये वळते होतात, पण तोपर्यंत अडकून राहतात. आणि हे १० लाख पॅनवर मोजतात, बँक बदलली म्हणून नवीन सुरुवात होत नाही. ह्यांच्या पॅनवर वेगळे १० लाख. एज्युकेशन लोन काढून पाठवणाऱ्यांना मात्र टीसीएस लागतच नाही.

आणखी एक, थोडं नाजूक. आमच्या ओळखीतल्या एकांनी सुचवलं होतं, माझा मुलगा तिकडेच आहे, तो तुमच्या लेकीला युरो देईल, तुम्ही इथे मला रुपये द्या, दोघांचाही खर्च वाचला. माणूस चांगला, मनात काही वाईट नाही. पण सीएंना विचारलं तर ते म्हणाले अजिबात नको, बाहेरच्या देण्याच्या बदल्यात इथे रुपये देणं फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात बसत नाही. शिवाय लेकीचा व्हिसा वाढवताना तिच्याकडे मागच्या सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागितलं, पैसे कुठून येतात ते दाखवायला. हातोहात घेतले असते तर काय दाखवलं असतं तिने? ऑनलाइनमध्येही एक अडचण आहेच, तिच्या स्टेटमेंटवर माझ्या नावाऐवजी कंपनीचं नाव दिसतं, म्हणून प्रत्येक वेळची पावती पीडीएफ करून मी तिला पाठवते, तिने त्या सगळ्या जोडल्या आणि काम झालं.

ज्यांचं कोणी सिंगापूरला आहे त्यांना हे सगळं करायची गरजच नाही. फेब्रुवारी २०२३ पासून यूपीआय तिथल्या पेनाऊला (तिकडचं यूपीआयच) जोडलंय, दिवसाला ६०,००० रुपयांपर्यंत फोनवरूनच जातात, फक्त आपली बँक त्यात आहे का ते बघा. माझ्या नणंदेचा मुलगा तिकडे आहे, तिचं काम दोन मिनिटांत होतं, मला खरंच हेवा वाटतो. जर्मनीचंही असं काही व्हावं.

आता पुढचे १,००० मी २४ मार्च २०२६ लाच पाठवणार आहे, एरवी महिन्याच्या शेवटी पाठवते. १ एप्रिलला आपल्या बँकांचं वर्षअखेर, ३ ला गुड फ्रायडे, आणि ६ ला ईस्टरचा सोमवार, त्या दिवशी तिकडे बंद. १९ मार्चला पाडवा आहे, म्हणून रुपये १८ मार्चलाच माझ्या खात्यात आणून ठेवायला ह्यांना सांगितलंय.