आकड्यांसाठी फी वसूल, बाकी इंटरव्ह्यूचं काही खरं नाही

पुण्यात सहा वीकेंडचा इंटरव्ह्यू इंग्लिशचा क्लास केला, फी ४,५०० रुपये. नाव मुद्दाम टाकत नाही, कारण अर्धा क्लास शिव्या घालण्यासारखा आणि अर्धा खरंच भारी. मी मराठी मीडियमवाला, बीकॉम, चाकणला एका कंपनीत स्टोअरला आहे. मेलबिल लिहितो, पण समोरच्याने इंग्लिशमधे काही विचारलं की तोंडाला कुलूप.

आधी वाईट सांगतो. बॅच पंधराची सांगितली आणि बसवले अठ्ठावीस. पहिले दोन वीकेंड फक्त 'टेल मी अबाउट युवरसेल्फ', सगळ्यांना एकच छापील उत्तर, मी हार्डवर्किंग, मी टीम प्लेयर, वीकनेस काय तर परफेक्शनिस्ट... अठ्ठावीस जण एका सुरात, आरतीच चालू आहे असं वाटायचं, फक्त टाळ नव्हते.

तिसऱ्या वीकेंडला वेगळ्या मॅडम आल्या आणि म्हणाल्या आज फक्त आकडे. म्हटलं आता काय वन टू थ्री शिकवणार का! तर त्या मराठीत आकडा बोलणार आणि आपण फटकन इंग्लिशमधे सांगायचा. त्रेसष्ट म्हणाल्या, मी ठोकून दिलं थर्टी सिक्स. सगळे हसले, मग त्यांची पण तीच गत झाली. आपल्याकडे एकक आधी येतो, त्रे मग साठ, इंग्लिशमधे सिक्स्टी आधी, म्हणून घाईत उलटं पडतं. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' वालं वाचन आलं तेव्हा मी पण व्हॉट्सॅपवर जोक फॉरवर्ड केलेले, त्या दिवशी कळलं भानगड काय होती ते.

मग पगार. मला पावणेतीन लाख मिळतात, मी म्हणालो 'क्वार्टर टू थ्री लॅक', मॅडम म्हणाल्या ते घड्याळात चालतं, पगारात नाही. टू पॉइंट सेव्हन फाइव्ह म्हणायचं, सेव्हंटी फाइव्ह पण नाही, पॉइंटनंतर एकेक आकडा सुटा. फिफ्टीनला जोर 'टीन'वर आणि फिफ्टीला 'फिफ'वर, नाहीतर फोनवर ऐकणाऱ्याला १५ चे ५० वाटतात. टू हंड्रेड, हंड्रेड्स नाही. आणि सगळ्यात कामाचं म्हणजे टू आणि बाय. आमच्याकडे महिन्याला ४० आयटम शॉर्ट निघायचे, आता १० निघतात, तर 'रिड्यूस्ड टू टेन', बाय टेन म्हटलं की ३० अजून शॉर्टच आहेत असं होतं, म्हणजे केलेल्या कामाची आपणच माती. १० लाख म्हणजे १ मिलियन, १०० कोटी म्हणजे १ बिलियन हे माहीत होतं हो, पण स्टॉक ३ कोटींचा आहे हे न अडखळता 'थर्टी मिलियन' असं तोंडातून निघायला अख्खी दुपार गेली.

असे दोनच वीकेंड. नंतर परत जुने सर आणि परत आरती. शेवटचा मॉक इंटरव्ह्यू जेमतेम सात मिनिटांचा, फीडबॅकच्या कागदावर काय तर 'कॉन्फिडन्स वाढवा', माझ्या शेजारच्याला पण तेच, झेरॉक्स असावी.

५ पैकी ३ स्टार, तिन्ही मॅडमचे. असल्या कुठल्याही क्लासला जाणार असाल तर आधी विचारा आकडे कोण घेतं आणि किती दिवस घेतं, आणि लवकर जाऊन पंख्याखालची जागा धरा, आमच्याकडे एसी सहाही वीकेंड 'उद्या दुरुस्त होणार' होता.