सासाकीचा साडेअठरा सेंटीमीटरचा चेंडू: लेकीच्या ज्युनियर गटासाठी घेतला, तो कसा आहे

माझी लेक टोकियोत शिनताइसो शिकते, म्हणजे रिदमिक जिम्नॅस्टिक्स: चेंडू, लांब रिबन, हूप म्हणजे मोठं कडं, अशी साधनं घेऊन संगीतावर करायचा खेळ. यंदा ती ज्युनियर गटात गेली. लहान मुलींचा हलका चेंडू बाजूला ठेवून तिच्यासाठी सासाकी या जपानी कंपनीचा रबरी चेंडू घेतला. व्यास साडेअठरा सेंटीमीटर, वजन 400 ग्रॅम, अंगावर आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाचा एफआयजी शिक्का. नियमात व्यास 18 ते 20 सेंटीमीटर आणि वजन किमान 400 ग्रॅम लागतं, त्यामुळे स्पर्धेत मापाची काळजी नाही.

या खेळात चेंडू बोटांनी आवळून धरलेला चालत नाही. मनगट आणि कोपर यांच्यामधल्या भागाशी दाबून धरला तरी गुण जातात. उघड्या तळहातावर तो नुसता टेकलेला हवा, आणि तसाच ठेवून मुलगी गिरकी घेणार, कमरेतून मागे वाकणार. म्हणून रबराचा पोत हीच या वस्तूची खरी परीक्षा, आणि इथे मी सासाकीला पूर्ण गुण देईन. पृष्ठभाग किंचित धरून ठेवणारा आहे, पण चिकट नाही. एका हाताच्या बोटांपासून छातीवरून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत चेंडू घरंगळत नेताना तो मध्येच उड्या मारत नाही, सलग जातो. आधी कुठलासा स्वस्त चेंडू वापरला होता, तो घामेजल्या हातावरून सटकायचा आणि पोरगी नकळत बोटं वळवायची. ती सवय मोडायला सेनसेईंना, म्हणजे शिकवणाऱ्या बाईंना, किती बोलावं लागलं! या चेंडूवर तिची बोटं आपोआप सैल पडली.

वजन मात्र जाणवतं. उंच फेकलेला चेंडू एका हातात झेलताना सुरुवातीला मनगट दुखायचं. प्राथमिक शाळेतल्या लहान मुलीला हा घेऊ नका, तिच्या हाताला लहान मापाचाच बरा.

हिवाळ्यात जपानमधल्या शाळांची व्यायामशाळा गारठलेली असते. थंडीने आतली हवा आकसते, टप्पा मंदावतो. हे कुठल्याही चेंडूचं होतं. शिवणाची टेप घेऊन घेर मोजा, साधारण 58 सेंटीमीटर भरला की माप बरोबर. हवा थोडी थोडी भरा, फार फुगवलात तर तळहातावर ठरत नाही. रबर धूळ आणि केस ओढून घेतं, तेव्हा सरावानंतर ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवायचा.

पैसे बरेच मोजावे लागतात, पण एक हिशेब ध्यानात घ्या. 13 ते 15 वर्षं ज्युनियर, 16 व्या वर्षापासून सीनियर. सीनियर झाली की रिबन पाचाची सहा मीटर होते, जुनी निकामी ठरते. चेंडूचे नियम तेच राहतात. मुलगी या खेळात टिकली तर हाच चेंडू तिच्याबरोबर वरच्या गटात जाईल.

आणि टिकावं असं वाटायला इथे कारणं आहेत. 2017 मध्ये इटलीतल्या पेसारोच्या जागतिक स्पर्धेत जपानच्या काहो मिनागावाने हूपमध्ये कांस्य मिळवलं. जपानला जागतिक स्पर्धेत पुन्हा वैयक्तिक पदक मिळायला 42 वर्षं लागली होती. 2019 मध्ये अझरबैजानमधल्या बाकूला जागतिक स्पर्धेत जपानच्या संघाने पाच चेंडूंच्या रचनेत सुवर्ण जिंकलं. पाच जणी, पाच चेंडू, आणि एकीने फेकलेला दुसरी न बघता झेलतेय! लेक ते चित्रण थांबवून थांबवून बघते, फक्त हात बघते.

आता याच रंगाचा आणखी एक घेणार आहोत. स्पर्धेत चेंडू मैदानाबाहेर लांब गेला तर कडेला ठेवलेला राखीव उचलता येतो, आणि ऐन वेळी हातात वेगळ्या पोताचा चेंडू यायला नको.