क्यूएफएक्स 5100 : स्विच दमदार, पण बफरची वाटणी आधी बदला

ज्युनिपरच्या क्यूएफएक्स 5100-48एस या नेटवर्क स्विचमध्ये 10जीचे (सेकंदाला 10 गिगाबिट) 48 पोर्ट आणि 40जीचे 6 अपलिंक आहेत, पण या सगळ्यांत मिळून पॅकेट बफर (बाहेर पडेपर्यंत पॅकेटं थांबतात ती मेमरी) 12 एमबी. काही भाग प्रत्येक पोर्टला राखीव, उरलेला सुमारे 9 एमबी सामायिक. आउटगोइंग बाजूला तो कंपनीकडून असा वाटून येतो: लॉसलेस (एकही पॅकेट गळून चालत नाही असं ट्रॅफिक) 50 टक्के, लॉसी (गर्दीत पॅकेट गळलं तरी चालणारं) 31, मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना जाणारं) 19. साधं युनिकास्ट (एकाकडून एकाकडेच जाणारं) ट्रॅफिक सगळं लॉसीत जातं. एफसीओई (इथरनेटवरून जाणारं, लॉसलेस लागणारं स्टोरेज ट्रॅफिक) नसेल तर निम्मी जागा रिकामी आणि शेजारी पॅकेटं ड्रॉप होतात, हे मला अजिबात पटत नाही.

31 टक्के म्हणजे पावणेतीन एमबीच्या आसपास. 40जी अपलिंकवरून पूर्ण वेगाने आलेला डेटा एका 10जी पोर्टवर वळला, तर मिलिसेकंदाला पावणेचार एमबी साचतो. म्हणजे पाऊण मिलिसेकंदात खेळ आटोपला. प्रत्यक्षात त्याही आधी, कारण क्यूची (पोर्टबाहेर पडायला थांबलेल्या पॅकेटांच्या रांगेची) मर्यादा त्या क्षणी मोकळ्या असलेल्या बफरच्या प्रमाणात ठरते. जितके पोर्ट एकदम तुंबतील, तितका प्रत्येकाचा वाटा घटतो. त्यात बफर 208 बाइटच्या सेलमध्ये मोजला जातो: 64 बाइटचं पॅकेटही अख्खा सेल अडवतं, 210 बाइटचं दोन.

पाच मिनिटांच्या सरासरीच्या ग्राफमध्ये यातलं काहीच दिसत नाही. लिंक 20 टक्क्यांवर दिसते आणि दोष सर्व्हरवर जातो. स्विचवरच्या ‘शो इंटरफेसेस क्यू’ कमांडमध्ये टेल-ड्रॉप्डचा (रांग भरल्यामुळे टाकलेल्या पॅकेटांचा) आकडा वाढतोय का ते बघा.

उपाय सोपा आहे. फक्त साधं युनिकास्ट असेल तर कॉन्फिगरेशनमध्ये क्लास-ऑफ-सर्व्हिसच्या शेअर्ड-बफरखाली इग्रेसला (बाहेर जाणाऱ्या बाजूला) लॉसलेस 5, लॉसी 75, मल्टिकास्ट 20 द्या. इंग्रेसला (आत येणाऱ्या बाजूला) लॉसलेस 5, हेडरूम (लॉसलेससाठीची जादा राखीव जागा) 0, लॉसी 95. एका बाजूचे तिन्ही आकडे द्यावेच लागतात आणि बेरीज 100 हवी. यानंतर लॉसीला साडेसहा एमबी मिळतात. मात्र कमिट होताना, म्हणजे बदल लागू होताना, सगळ्याच पोर्टांवरचं ट्रॅफिक थांबतं, म्हणून मेंटेनन्स विंडोशिवाय हात लावू नका.

पीएफसी (बफर भरत आला की समोरच्याला ‘पॉज’, म्हणजे थांबण्याचा संदेश, पाठवण्याची सोय) वापरणाऱ्यांनी हेडरूम शून्य करू नये. पॉज पाठवल्यावरही केबलमधला डेटा येतच राहतो, तो तिथेच सामावतो. आणि 40जीवरून येणारा बॅकअप रात्रभर 10जी पोर्टवर ओतायचा असेल, तर जीबींमध्ये बफर असलेला स्विचच घ्या.