इंग्रजीचे नियम शिकावेत की साचे? क्लासची फी भरण्याआधी

नाशिकच्या कॉलेज रोड ते गंगापूर रोड या पट्ट्यात इंग्रजीचा क्लास शोधायला फार फिरावं लागत नाही. डेमो लेक्चरला बसलात की दोन पंथ लगेच ओळखू येतात. एक म्हणतो, आधी ग्रामर पक्कं करा, बोलणं आपोआप येईल. दुसरा म्हणतो, ग्रामर गेलं खड्ड्यात, वाक्यं तोंडात बसवा. मी निर्यातदारांची आणि कारखान्यांची इंग्रजी पत्रं तपासून देतो, त्यामुळे दोन्ही पंथांचा तयार माल रोज टेबलावर येतो. दोघांचंही अर्धं खरं आहे. फक्त कुठलं अर्धं, ते क्लासवाले सांगत नाहीत.

पिंपळगावहून हॉलंडच्या खरेदीदाराला जाणाऱ्या द्राक्षाच्या मेलमध्ये हमखास सापडणारं हे वाक्य घ्या:

‘ऑल्दो द बेरीज आर स्वीट, बट द साइझ इज स्मॉल, सो वुई विल डिस्कस अबाउट द रेट व्हेन यू विल कम टू नाशिक.’

अर्थ पोचतो. मणी गोड आहेत, लहान आहेत, भावाचं समोरासमोर बोलू. पण यात तीन चुका आहेत आणि तिन्ही मराठीतून सरळ उतरलेल्या. ‘जरी’च्या मागे ‘तरी’ हवाच म्हणून ‘ऑल्दो’च्या मागे ‘बट’ आला. आपण ‘भावाबद्दल’ चर्चा करतो म्हणून ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ चिकटला. ‘तुम्ही याल तेव्हा’ म्हणतो म्हणून ‘विल कम’ आलं. दिसायला तिघी बहिणी, पण औषध एक नाही.

पहिली आणि तिसरी नियमाने बऱ्या होतात. दोन वाक्यं जोडायला इंग्रजीला एकच जोडणारा शब्द पुरतो, आपल्यासारखी जोडी लागत नाही. ‘ऑल्दो’ घेतलात तर ‘बट’ गाळा, ‘बिकॉज’ घेतलात तर ‘सो’ गाळा. (‘इफ’च्या मागे ‘देन’ मात्र चालतं.) ‘व्हेन’, ‘इफ’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘अनटिल’, ‘अॅज सून अॅज’ या सगळ्यांच्या मागे येणारी वेळ पुढची असली तरी क्रियापद साध्या वर्तमानात राहतं: ‘व्हेन यू कम’, ‘अॅज सून अॅज वुई गेट द पेमेंट’. गंमत म्हणजे मराठीतही ‘तुम्ही आलात की बोलू’ असं आपण भूतकाळ वापरून भविष्याचं बोलतो, त्यामुळे ही कल्पना आपल्याला परकी नाही. एक नियम आणि अर्धा डझन शब्द निकालात. ‘अनलेस’ आणि ‘अनटिल’ही असेच. पहिल्याच्या पोटात नकार आहे आणि दुसऱ्याला तो लागत नाही, म्हणून ‘पेमेंट येत नाही तोपर्यंत’ हे इंग्रजीत ‘अनटिल द पेमेंट कम्स’ होतं, ‘डझ नॉट’ न घालता. उभयान्वयी अव्ययांच्या बाबतीत मी निःसंकोच नियमवाल्यांच्या बाजूने आहे. एक-दोन आठवड्यांत संपणारं काम आहे आणि संपलं की संपलं.

‘डिस्कस अबाउट’ हे मात्र नियमाने जात नाही. ‘टॉक’ला ‘अबाउट’ लागतो, ‘डिस्कस’ला लागत नाही. ‘वेट’ला ‘फॉर’ लागतो, तोच अर्थ असलेल्या ‘अवेट’ला काहीच नाही. ‘लिसन टू’, पण ‘हिअर’ नुसतं. ‘डिपेंड ऑन’, ‘कन्सिस्ट ऑफ’, ‘इन्सिस्ट ऑन’. ‘एंटर’, ‘रीच’ आणि ‘मॅरी’ही एकटे राहणारे, म्हणजे ‘रीच्ड टू नाशिक’ नाही आणि ‘मॅरीड विथ’ तर नाहीच. तिथे काही लावायचंच असेल तर ‘टू’. यामागे भाषेचा इतिहास सांगता येतो, पण फोनवर बोलताना तो कुणाला आठवतो! इथे क्रियापद आणि त्याचं शेपूट एकत्रच पाठ करावं लागतं. हाच साचा.

कोशकारांना हे फार आधी कळलं होतं. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. त्यांनी शब्दाच्या अर्थासोबत त्याचा वाक्यातला साचा देणारा कोश केला. तो 1942 मध्ये टोकियोत छापला गेला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने पुन्हा काढला. आज आपण ज्याला ऑक्सफर्डची ‘अॅडव्हान्स्ड लर्नर्स’ म्हणतो ती हीच. पुढे 1987 मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली कोबिल्ड कोश निघाला. तो संगणकात साठवलेल्या प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीवर उभा होता. तिथे शब्दाचा अर्थच पूर्ण वाक्यात देतात, म्हणजे साचा आयताच हातात येतो. इंग्रजी-मराठी खिशातला शब्दकोश ‘एक्सप्लेन म्हणजे स्पष्ट करणे’ एवढं सांगून थांबतो, आणि मग आपण खुशाल ‘एक्सप्लेन मी द प्रोसेस’ लिहून मोकळे होतो. लर्नर्स डिक्शनरी ‘एक्सप्लेन समथिंग टू समबडी’ असं आख्खं दाखवते. साच्यांच्या वाटेने जायचं ठरवलंत तर क्लासच्या आधी ही डिक्शनरी घ्या किंवा फोनवर उघडायची सवय लावा.

व्यापार करणाऱ्यांना साचे विशेष कामाला येतात, कारण ‘अॅग्री’सारखं एकच क्रियापद तीन शेपटं लावून तीन वेगळ्या गोष्टी सांगतं. ‘अॅग्री विथ यू’ म्हणजे तुमचं म्हणणं पटतं. ‘अॅग्री टू युवर प्राइस’ म्हणजे तुम्ही सांगितलेला भाव मान्य केला. ‘अॅग्री ऑन अ प्राइस’ म्हणजे दोघांनी मिळून भाव ठरवला. भाव अजून ठरलेला नसताना मधलं वाक्य गेलं तर समोरचा त्याला होकार समजेल, आणि त्यात त्याची चूक नाही.

क्रियापदाच्या मागे दुसरं क्रियापद आलं तरी हेच. ‘वॉन्ट’, ‘डिसाइड’, ‘होप’ यांना ‘टू’ लागतो. ‘एन्जॉय’, ‘अव्हॉइड’, ‘फिनिश’ यांना आयएनजी लागतं. ‘लुक फॉरवर्ड टू’मधला ‘टू’ फसवा आहे. त्याच्यामागे ‘मीट’ नाही, ‘मीटिंग’ येतं. मेलच्या शेवटी हे वाक्य इतक्यांदा लागतं की ते एकदाच नीट बसवून टाकावं.

‘इन’, ‘ऑन’, ‘अॅट’ यांच्यात दोन्ही पद्धती थोड्या थोड्या लागतात. वेळेचा नियम सोपा: घड्याळाला ‘अॅट’, वाराला आणि तारखेला ‘ऑन’, महिन्याला आणि सालाला ‘इन’. ‘अॅट नाइट’ तेवढा वेगळा लक्षात ठेवा. जागेचं मात्र नियमात पुरतं बसत नाही. सीबीएसवरून सुटलेल्या बसमध्ये तुम्ही ‘ऑन द बस’ असता आणि मित्राच्या गाडीत ‘इन द कार’. उभं राहून फिरता येईल असं वाहन असेल तर ‘ऑन’, ही खूण बऱ्याचदा चालते. तिच्यावर पैज मात्र लावू नका.

हे लहान शब्द सोडून मोठमोठ्या शब्दांच्या याद्या पाठ करणं मला वेळेचा अपव्यय वाटतो. ऑक्सफर्डने जमवलेल्या इंग्रजी मजकुराच्या भल्यामोठ्या संग्रहात सर्वांत जास्त वापरलेले पहिले दहा शब्द आहेत ‘द’, ‘बी’, ‘टू’, ‘ऑफ’, ‘अँड’, ‘अ’, ‘इन’, ‘दॅट’, ‘हॅव’ आणि ‘आय’. दहात एकही भारदस्त शब्द नाही. जोडकाम आणि शेपटंच बहुतेक.

आता तुमचं काय? ज्यांचं शाळेतलं इंग्रजी पाचवीपासून सुरू झालं, म्हणजे 2000 साली पहिलीपासून इंग्रजी येण्याआधीची मराठी शाळेतली पिढी, त्यांना नियम बऱ्यापैकी माहीत असतात. अडतं ते शेपटांपाशी. सातपूर-अंबडच्या कारखान्यात शिफ्ट रिपोर्ट लिहिणाऱ्या सुपरवायझरने पुन्हा टेन्सपासून सुरुवात करू नये. स्वतःच्याच जुन्या रिपोर्टमधली क्रियापदं काढावीत, डिक्शनरीत त्यांचे साचे बघावेत आणि वहीत आख्खी वाक्यं उतरवावीत. 2027 च्या सिंहस्थात बाहेरच्या पाहुण्यांशी बोलावं लागेल म्हणून शिकणाऱ्या गाईडला किंवा हॉटेलवाल्याला तर नियमांची गरज फारच थोडी. तयार वाक्यं, नीट उच्चार, झालं.

आयईएलटीएस देणाऱ्यांचं वेगळं. तिथे लेखनाला चार निकष आहेत आणि चौघांना सारखं वजन. वाक्यांची जोडणी हा एक निकष आणि व्याकरण हा दुसरा, म्हणून नियम टाळून चालत नाही. पण ‘मोरओव्हर’, ‘फर्दरमोर’ दर वाक्याला पेरले की गुण वाढतात ही समजूत चुकीची आहे. जोडशब्दांचा अतिवापर हा तिथे दोष धरतात.

मुलाचा अभ्यास घेणाऱ्या आईवडिलांनी नियमांची वाट धरावी, कारण मूल ‘का?’ विचारणारच.

साच्यांचा तोटाही सांगायला हवा. ते विसरायला होतात. नियम एकदा कळला की राहतो, साचा मात्र वापरला नाही तर महिन्याभरात पुसट होतो. नुसत्या साच्यांवर वाढलेला माणूस ठरावीक वाक्यांत चटपटीत असतो, पण दोन वाक्यं जोडून काही समजावून सांगायची वेळ आली की गप्प होतो. असे ‘फाडफाड’ बोलणारे मुलाखतीच्या तिसऱ्या प्रश्नाला अडकतात.

तेव्हा डेमोला गेलात की सरांना दोन प्रश्न विचारा. ‘व्हेन यू विल कम’ चूक का? यावर ‘इंग्रजीत असंच असतं’ असं उत्तर आलं तर उठून या, कारण तिथे नियम आहे आणि तो दोन मिनिटांत सांगता येतो. मग विचारा, ‘टेल मी’ चालतं तर ‘एक्सप्लेन मी’ का नाही? यावर जे सर फळ्यावर मोठी व्याख्या लिहायला घेतील त्यांच्याकडे वर्षभर व्याख्याच मिळतील. ‘सजेस्ट’, ‘डिस्क्राइब’, ‘मेन्शन’, ‘अनाउन्स’ हेही ‘एक्सप्लेन’सारखेच चालतात, म्हणून वहीत पाचही एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकाचं तुमच्या कामातलं एक वाक्य करून आणा, असं जे सांगतील त्यांच्याकडे फी भरा.